आँधीच्या दुपारचा आकडा

आमच्या घरात झाकलेली नाही अशी वस्तू शोधावी लागायची. टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला प्लास्टिकचं, फ्रिजच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, शिलाई मशीनवर जुन्या पडद्याची खोळ, आणि माठावर ताटली असूनही त्या ताटलीवर आणखी एक फडकं. आई लग्न होऊन साताऱ्याहून लखनौला आली आणि या शहराशी तिने बहुतेक बाबतीत जमवून घेतलं. हिंदी शिकली, सब्जीवाल्या भैयाशी भावावरून हुज्जत घालायला शिकली, दसहरी आंबा हापूसच्या पंगतीला बसवायलाही तयार झाली. इथली धूळ मात्र तिने कधी मान्य केली नाही. एप्रिल लागला की महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात अशी काही बारीक पिवळी धूळ यायची, की सकाळी पुसलेल्या टेबलावर चार वाजता बोटाने नाव लिहिता यावं. मी लिहायचेही. आई ते पुसताना म्हणायची, "नाव काढलंस गं बाई. तेही धुळीत."

मी बीएस्सीला गेले त्या वर्षी बाबांनी कंप्युटर घेतला आणि तो बैठकीच्या कोपऱ्यात, खिडकीजवळच्या टेबलावर बसला. बाबा एका सरकारी संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींवर काम करायचे. बोलणं मोजकं, आणि प्रत्येक प्रयोग तीनदा केल्याशिवाय त्यातलं काही खरं मानायचे नाहीत. घरात चहात साखर कमी पडली असं आई म्हणाली तरी ते दुसऱ्या कपातला एक घोट घेऊन मगच मत द्यायचे. त्या कंप्युटरसाठी आईला मनासारखं कापड मिळेना, म्हणून काही आठवडे तो तसाच उघडा होता, आणि आई येता-जाता त्याच्याकडे उघड्या डोक्याने उन्हात उभ्या असलेल्या मुलाकडे बघावं तशी बघायची.

तो प्रश्न शाज़ियाच्या अम्मीने सोडवला. शाज़िया माझी वर्गमैत्रीण. तिचं घर अमीनाबादेत, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, रिक्षा जिथे नाइलाजाने थांबते तिथून पुढे चालत. तिची अम्मी चिकनकारीचं काम करून घ्यायची. मोहल्ल्यातल्या बायका कापड घेऊन जायच्या आणि पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने वेलबुट्टी भरून आणून द्यायच्या. शाज़िया आमच्याकडे आली, उघडा कंप्युटर आणि आईची घालमेल बघून गेली, आणि महिन्याभरात अम्मीकडून एक पुडकं आलं. आत दुपाखी छपरासारखं शिवलेलं, मॉनिटर आणि शेजारचा डबा दोन्ही झाकेल असं सुती कव्हर, कडेने बारीक पानांची वेल. आई हरखून गेली. साताऱ्याच्या मावशीला तिने फोनवर सांगितलं, "अगं, कंप्युटरला चिकनचं कव्हर मिळालं," तेव्हा मावशीने तिला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

शाज़ियाबद्दल आणखी एक सांगायला हवं. ती मला दोन वर्षं 'आप' म्हणत होती. तिसऱ्या वर्षी 'तुम' वर आली तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. माझी भाषा तर आधीच खिचडी. आईशी वाक्य मराठीत सुरू करायचं आणि हिंदीत संपवायचं, ही आमच्यासारख्या घरांतल्या मुलांची रीतच होती. साताऱ्याला गेलं की चुलत भावंडं मला 'लखनौवाली' म्हणत, आणि लखनौच्या वर्गात मी 'वो मराठी लड़की'. आपलं नाव कुठल्या यादीत घालायचं, हे त्या वयात मला खरंच कळत नव्हतं. म्हणूनच बहुधा शाज़ियाने जेव्हा त्या स्पर्धेचं सांगितलं, तेव्हा मी गणितापेक्षा यादीला भुलले.

स्पर्धा अशी होती. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, हे शाळेत सगळेच शिकतात. दोन, तीन, पाच, सात. जसजसं पुढे जावं तशा त्या विरळ होत जातात, पण संपत कधीच नाहीत. जगभरातली काही वेडी माणसं लाखो अंकांच्या मूळ संख्या शोधत होती. एका यंत्राच्या आवाक्यातलं ते काम नव्हे, म्हणून ते घरोघरीच्या कंप्युटरांना वाटून दिलेलं. आपण एक प्रोग्राम उतरवून घ्यायचा. तो इंटरनेटवरून एक संख्या मागवतो, आपला कंप्युटर ती चौदा-पंधरा तास तपासतो आणि 'आहे' किंवा 'नाही' असं कळवतो. त्यातच अधूनमधून दहा दिवसांच्या शर्यती लागायच्या. कुठली टीम जास्त संख्या तपासते ते बघायचं. आणि कुणाच्या मशीनला खरोखर मूळ संख्या सापडली, तर ज्ञात मूळ संख्यांच्या यादीत तिच्यापुढे त्याचं नाव लागायचं. ती यादी कुणी पुसणार नव्हतं.

"सोचो," शाज़िया म्हणाली, "हम दोनों का नाम, और बगल में ऐसी संख्या जो आज तक किसी ने देखी ही नहीं."

आमची टीम म्हणजे माणसं दोन आणि कंप्युटर एक. नाव ठेवलं 'गोमती'.

बाबांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्या मशीनने उत्तर दिलं आणि ते चूक असेल तर? शाज़ियाने तयारी केली होती. प्रत्येक संख्या दोन वेगळ्या घरी पाठवतात, दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात, नाही जुळली तर तिसऱ्या घरी. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा खुलला. "मग करा," ते म्हणाले. "एकदा आलेलं उत्तर म्हणजे अफवा." आईने विचारलं, हे सगळं करून मिळणार काय? मी म्हटलं, कशानेच भाग जात नाही असा एक आकडा.

"कशानेच नाही?"

"कशानेच नाही."

"मग हट्टीच म्हणायचा," आई म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

पण त्या दहा दिवसांत खरं काम केलं ते आईने. आम्ही दिवसभर कॉलेजात. मे महिना, प्रॅक्टिकलच्या परीक्षा, आणि लाइट दिवसातून तीन-चारदा जाणार हे ठरलेलं. लाइट गेली की यूपीएस किंचाळायला लागायचा, आणि त्या पंधरा मिनिटांत कोणीतरी कंप्युटर रीतसर बंद करायला हवा. लाइट आली की पुन्हा लावायचा. मी एका फुलस्केपवर अकरा सूचना लिहून भिंतीला चिकटवल्या. कुठलं बटण आधी, कुठली खिडकी उघडली की 'हो' म्हणायचं, कशाला हात लावायचा नाही. बाबांच्या प्रयोगशाळेत भिंतीवर असे कागद असायचे. माझा कागद त्यांच्यापेक्षा सुबक झाला आहे असं मला वाटत होतं.

आईने ते काम विरजणासारखं सांभाळलं. हलवायचं नाही, विसरायचं नाही, आणि सारखं उघडून बघायचंही नाही. दुपारची झोप तिने आतल्या खोलीतून बैठकीतल्या दिवाणावर आणली, यूपीएस ऐकू यावा म्हणून. टेबलफॅन स्वतःवरून काढून कंप्युटरकडे वळवला. मी घरी आले की चपला काढायच्या आधी वृत्तांत. "साडेअकराला गेली, बाराला आली. पावणेदोनला भैया आला खरबुजं घेऊन, पण मी खाली गेले नाही, टोपली सोडली. आता सत्तर टक्के झालंय." स्क्रीनवर टक्के वाढताना बघायचा तिला नाद लागला. शाज़ियाला ती म्हणायची, "बेटा, आज का वाला बहुत धीरे चल रहा है, कल वाला अच्छा था." शाज़िया गंभीरपणे म्हणायची, "जी आंटी, कल वाला शरीफ़ था." एकदा संख्या तपासून झाली आणि 'नाही' असं उत्तर आलं, तर आईने चुकचुकून नवीन संख्येसाठी निरांजन लावायला काडी ओढली. मी हसले. आज तिची ती काडी आठवली की मला हसू येत नाही, बरं वाटतं.

दिवसाला दीड संख्या, फार तर. टीमच्या यादीत आम्ही तळाला होतो, आमच्या खाली फक्त अशा टीम होत्या ज्यांनी काहीच केलेलं नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी रोज प्रत्येक संख्या वहीत लिहायचे. लाखो अंक लिहिता येत नाहीत, पण या संख्या एका ओळीच्या सूत्रात मावतात, एक छोटा आकडा, त्याला एवढ्या वेळा दोनाने गुणायचं, आणि अधिक एक. ती ओळ लिहिताना दर वेळी वाटायचं, हीच असेल तर? कोणालाच माहीत नाही, आणि आपल्या बैठकीत, माठाशेजारी, ते ठरतंय. पुढे मी गणित शिकवायला लागले, अजून शिकवते. पण त्या दहा दिवसांतली उत्सुकता मला कुठल्याही वर्गात तशी परत भेटली नाही.

आठव्या दिवशी आँधी आली. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना सांगते, आधी हवा अगदी पडते, मग आकाश हळदीच्या पाण्यासारखं होतं, आणि मग दारं-खिडक्या आपटायला लागतात. आम्ही कॉलेजात होतो. प्रयोगशाळेच्या काचांवर वाळू तडतडत होती, आणि मी शाज़ियाला म्हटलं, लाइट गेली असणार, आई बंद करेल, ठीक आहे. ती आमच्या आयुष्यातली एकमेव आँधी, जिच्यात महानगरची लाइट गेली नाही.

आम्ही दोघी घरी पोचलो तेव्हा सगळं शांत झालं होतं. जिन्यावर पानांचा आणि धुळीचा थर. आईने दार उघडलं, चेहरा लाल, पदर खोचलेला, आणि अत्यंत खुशीत. "बघ," ती म्हणाली, "घरभर धूळ झालीय, पण तुझ्या मशीनवर कणभर नाही." बैठकीच्या सगळ्या खिडक्या बंद. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. आणि कोपऱ्यात अम्मीचं पांढरं कव्हर, त्यावर माझी सोलापुरी चादर दुहेरी करून घातलेली, आणि त्या सगळ्याच्या आत कंप्युटर चालू.

मी चादर ओढून काढली. डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला, तवा बरा. आतला पंखा रडवेल्या आवाजात फिरत होता. तीन तास तो तसा होता. मी आईकडे वळले आणि ओरडले. ओरडले हिंदीत. चिडले की मला मराठी सुचायची नाही. "तुमको कुछ समझ में आता नहीं तो हाथ क्यों लगाती हो? सब बर्बाद कर दिया!"

मराठीत बोलले असते तर निदान शाज़ियाला कळलं नसतं. ती दारातच उभी होती, एक चप्पल काढलेली, एक पायात. आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने खोचलेला पदर सोडला, नीट केला, आणि शाज़ियाला विचारलं, "बेटा, पना पियोगी? ठंडा है." आणि ती स्वयंपाकघरात गेली. कैरीच्या पन्ह्याचे तीन पेले आले. मी प्याले नाही.

संध्याकाळी त्या संख्येचं उत्तर आलं, 'नाही', आणि आपोआप पाठवलंही गेलं. पुढचे दोन दिवस आई कंप्युटरच्या बाजूला फिरकली नाही. लाइट जायची, यूपीएस किंचाळून किंचाळून गप्प व्हायचा, कंप्युटर धाडकन बंद पडायचा. मी घरी आले की वृत्तांत नसायचा. दिवाणाची चादर सुरकुतीविना असायची. स्पर्धा संपली तेव्हा आम्ही होतो तिथेच तळाला होतो.

मी माफी मागणार होते. अगदी ठरवलं होतं, रविवारी सकाळी, पोहे खाताना. आदल्या दिवशी, शनिवारी, शाज़िया आली आणि आम्ही आमच्या संख्यांची पडताळणी बघायला बसलो. सगळ्यांपुढे 'जुळलं', 'जुळलं'. एकापुढे 'बाद'. आँधीच्या दिवशीची संख्या. मी तिच्यावर क्लिक केलं. ती तीन घरी तपासली गेली होती. आमच्या मशीनने म्हटलं होतं, नाही. दुसऱ्याने म्हटलं होतं, मूळ आहे. तिसऱ्याने म्हटलं होतं, मूळ आहे. तापलेलं आमचं मशीन गणितात चुकलं होतं.

शाज़ियाने माझं मनगट धरलं. यादीत नाव लागलं होतं दुसऱ्या कुणाचं, आणि पडताळणारा म्हणून तिसऱ्याचं. आमच्याकडे ती सगळ्यांच्या आधी आली होती. आमचं उत्तर बरोबर आलं असतं तर ते नाव आमचं असतं. मला रडू आलं ते रागाने की कशाने, अजून सांगता येत नाही.

"अम्मी को मत बताना," शाज़िया हळूच म्हणाली. "उन्होंने कितने प्यार से बनवाया था. और आंटी को तो बिल्कुल नहीं. तुम बता दोगी तो वो उम्र भर ढोएँगी."

बाबा मागे उभे होते हे आम्हाला कळलंच नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन वाचली, दोनदा. मग भिंतीवरचा माझा कागद वाचला, पहिल्या सूचनेपासून अकराव्यापर्यंत. "यात चालू असताना झाकू नये, असं कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारलं. कुठेच लिहिलं नव्हतं. मी लाइटबद्दल सगळं सांगितलं होतं, मशीनला हवा लागते हे सांगितलंच नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर जपायची प्रत्येक गोष्ट झाकली, तिला. बाबा म्हणाले, "माझ्याकडे असं झालं असतं तर मी आधी सूचना लिहिणाऱ्याला बोलावलं असतं." एवढं बोलून ते पेपर वाचायला गेले.

त्यानंतर माफी मागणं अवघड होऊन बसलं. माफी मागायची तर मनापासून, आणि मनापासून म्हणजे सगळं सांगून. सगळं सांगितलं तर शाज़िया म्हणाली तसं ती ते ओझं उचलणार. म्हणून मी गप्प राहिले, आणि आज कबूल करते, त्या गप्प बसण्यात माझी सोयही होती. रविवारी पोहे खाल्ले. शेंगदाणे नेहमीपेक्षा जास्त होते, मला आवडतात म्हणून. पुढच्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की अम्मीचं कव्हर धुऊन कपाटात गेलंय. मग टीव्हीचं कव्हर दिसेना, मग मिक्सरचं, मग शिलाई मशीनची खोळ. आईने कोणाला काही न बोलता घरातलं सगळं उघडं केलं होतं. मी टेबलावरच्या धुळीत नाव लिहिणं सोडलं. तिने ते कधी विचारलं नाही.

आता बाबा नाहीत. शाज़िया बेंगळुरूला असते, ईदला फोन करते आणि वय झाल्यामुळे पुन्हा 'आप' वर गेली आहे. आई माझ्याकडे, इथेच लखनौत, इंदिरा नगरला. हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी ते कुणाला दाखवायच्या आधी तिला वाचून दाखवायचं ठरवलं. हिवाळ्यातली दुपार होती, ती गच्चीत मटार सोलत बसली होती. मी वरच्या परिच्छेदापर्यंत वाचलं. पन्ह्याच्या जागी तिचे हात थांबले, आणि मग पुन्हा सोलायला लागली.

"मला वाटायचं मशीन बिघडलं आणि तुम्ही दोघींनी मला सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मशीन ठीक होतं. चुकलं माझं, आई. त्या दिवशी बोलले ते, आणि कागदावर लिहिलं नाही तेही."

सगळं वाक्य मराठीत बोलले, शेवटपर्यंत. तिने मान डोलावली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. एक शेंग हातात तशीच धरून तिने विचारलं, "तो आकडा मग होता ना तसा? कशानेच न भागणारा?"

"होता. अजून आहे."

"आणि त्या दुपारी तो आपल्या घरी होता?"

"हो. तीन तास. अम्मीच्या कव्हरखाली."

"वरून मी तुझी सोलापुरी चादर पण घातली होती गं," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बिचाऱ्याला केवढं उकडलं असेल."